आधी पाकीट, मग गणित: बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना खरेदी शिकवताना

माझ्या वर्गात एक मुलगा आला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि त्याच्या वहीत सहा वर्षं एकच गोष्ट चाललेली, प्लास्टिकची नाणी ओळखा, जोड्या लावा, गोल करा. आधी नाणी आली पाहिजेत, मग नोटा, मग बेरीज, मग वजाबाकी म्हणजे सुट्टे परत किती ते कळेल, आणि हे सगळं झालं की मग दुकान. हे "मग" काही येतच नाही हो. मुलगा शाळेतून बाहेर पडायची वेळ येते तरी त्याने स्वतःच्या हाताने एक साबण विकत घेतलेला नसतो. म्हणून माझं सरळ म्हणणं असं आहे की गणित हा खरेदीचा दरवाजा नाही, मुलाला आज जेवढं येतं तेवढ्यावर त्याला आजच काहीतरी विकत घेता आलं पाहिजे आणि जे येत नाही त्याच्या जागी आपण काहीतरी टेकू लावायचा. हा टेकू कसा लावायचा आणि (हे जास्त अवघड) तो काढायचा कसा, तेवढंच इथे लिहितेय.

सुरुवात कागदाने होते. स्वतः दुकानात जा, एक वस्तू घ्या आणि आपण काय काय करतो ते लिहून काढा. आपल्याला वाटतं तीन-चार गोष्टी असतील, माझ्या कागदावर चौदा निघाल्या: पाकीट आणि यादी घेतली का बघणं, आत शिरून टोपली घेणं, यादीतलं पहिलं चित्र बघणं, बरोबर विभागाकडे जाणं, वस्तू चित्राशी जुळवणं, किंमतीचं लेबल शोधणं, पैसे पुरतात का बघणं, टोपलीत टाकणं, काउंटर शोधून रांगेत उभं राहणं, नंबर आला की वस्तू समोर ठेवणं, स्क्रीनवरचा आकडा बघणं, नोटा मोजून देणं, हात पुढे करून बिल आणि सुट्टे घेणं, आणि पाकीट बंद करून वस्तू घेऊन बाहेर. याला टास्क ॲनालिसिस म्हणतात, नाव भारी आहे पण काम हे एवढंच. कुणासाठी या चौदाच्या वीस होतील कुणासाठी नऊ, काही हरकत नाही. महत्त्वाचं हे की आता "त्याला खरेदी येत नाही" असं मोघम बोलायची सोय राहत नाही, "त्याचं घोडं सहाव्या आणि बाराव्या पायरीवर अडतं" असं बोलावं लागतं. पहिल्यांदा नेलं की काहीच शिकवू नका, नुसतं बघा आणि खुणा करा, कुठली पायरी एकट्याने केली, कुठे इशारा लागला, कुठे बोलून सांगावं लागलं, कुठे हात धरावा लागला. चौदापैकी नऊ एकट्याने म्हणजे 64 टक्के, हा झाला सुरुवातीचा आकडा. पालकांनाही हा कागद दाखवा, कारण "याला काही येत नाही हो बाई" म्हणणाऱ्या आईला नऊ खुणा बघून काय वाटतं ते मी पाहिलंय.

आता पैशांचं. यात सगळ्यात कामाची युक्ती म्हणजे "वर एक". मुलाला दहापर्यंत मोजता येतं, दोन आकडी संख्येचा पहिला आकडा वाचता येतो, बास, एवढं पुरतं. पाकिटात फक्त दहाच्या नोटा ठेवायच्या (किंवा तुमच्याकडे जी बारकी नोट सहज मिळते ती). स्क्रीनवर 43 आलं, पहिला आकडा चार, चार नोटा मोजायच्या, वर एक ठेवायची, झाल्या पाच, द्यायच्या. 67 आलं तर सहा आणि वर एक. आकड्यात टिंब असेल तर टिंबाच्या पुढचं बघायचंच नाही, ते त्या वरच्या एका नोटेत निघून जातं. एकच आकडा दिसला, समजा 8, तर एक नोट. बरोबर 40 असेल तर तो पाच देईल आणि एक नोट परत येईल, येऊ दे, कोणाचं काही बिघडत नाही. पहिल्यांदा हे ऐकून एक सहकारी मला म्हणाली, अगं पण हे चुकीचं नाही का, त्याला नेमके पैसे देता यायला नकोत का? मी विचारलं तू शेवटचे नेमके पैसे मोजून कधी दिलेस, आपण पण मोठी नोट देतो आणि सुट्टे घेतो की. तीन आकडी किंमत आली की मात्र ही युक्ती गंडते कारण 143 चा पहिला आकडा एक आहे, म्हणून सुरुवातीला वस्तूच अशा निवडा की एकूण बिल शंभरच्या आत राहील, आणि ते पक्कं झालं की पाकिटात दुसरा कप्पा, शंभरच्या नोटांचा. दोन आकडे दिसले तर दहाचा कप्पा, तीन दिसले तर शंभरचा, 243 म्हणजे शंभरच्या दोन आणि वर एक. नियम तोच, कप्पा बदलला. दोन्ही कप्पे पहिल्याच दिवशी देऊ नका म्हणजे झालं.

"पैसे पुरतील का" हा प्रश्न बेरजेशिवाय सुटतो, खरंच. यादीच्या कागदावरच खाली खोक्यांची एक ओळ आखायची, पाकिटात जितक्या नोटा तितके खोके. आठ नोटा तर आठ खोके. वस्तू उचलली, लेबलवर 23 आहे, दोन आणि वर एक म्हणजे तीन खोके रंगवायचे. पुढची वस्तू 31, चार खोके. आता एकच खोका उरला, पुढची वस्तू 19 ची आहे, तिला दोन लागतात, बसत नाही, परत ठेवायची किंवा स्वस्त शोधायची. प्रत्येक वस्तू वरच्या दहावर नेलेली असल्यामुळे बिलावर नंतर वेगळा काही आकार जोडला जात नसेल तर खोके पुरले की काउंटरवर पैसे कमी पडायची पाळी येतच नाही (आणि आकार जोडला जात असेल तर एक खोका त्याच्यासाठी आधीच खोडून ठेवायचा). मला ही पद्धत फार आवडते कारण मुलगा स्वतः ठरवतो काय ठेवायचं काय परत करायचं, नाहीतर ते ठरवणं कायम आपल्याकडे असतं. ज्यांना पेन धरणं जमत नाही त्यांना खोक्यावर चिकटणारे गोल तुकडे लावायला द्या, कॅल्क्युलेटर जमत असेल तर तो द्या. कॅल्क्युलेटर म्हणजे फसवणूक असं मानणारे अजून आहेत, त्यांनी स्वतःचा मोबाईल खिशातून काढून टेबलावर ठेवावा आणि मग बोलावं.

आणि सुट्टे मोजायला शिकवणं मी मुद्दाम उशिरा घेते. आधी फक्त थांबायला शिकवते. पैसे दिले की हात पुढे, बिल हातात आल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही. बरीच मुलं पैसे दिले की वस्तू उचलून चालू पडतात, सुट्टे तिथेच राहतात, आणि हे गणिताचं नाही सवयीचं काम आहे. सुट्टे सगळे एका कप्प्यात टाकायचे आणि वर्गात किंवा घरी आलं की ते काढून वेगवेगळे लावायचे, आता त्या नाणी लावण्याला अर्थ असतो कारण ती त्याची स्वतःची नाणी असतात, किती नाणी जमली की त्यांच्या बदल्यात एक नोट मिळते हेही तिथेच कळतं. आणि खरे पैसे वापरा हो. खोटी नाणी वजनाला हलकी, रंगाला वेगळी, नोटा नेहमी कोऱ्या, आणि मग दुकानात चुरगळलेली जुनी नोट हातात आली की मुलगा ती पैसा म्हणून ओळखतच नाही. सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात खेळण्यातले पैसे देणं तसंही बरं दिसत नाही.

शिकवताना मदत कशी द्यायची

इथे माझी स्वतःची फजिती सांगते. वर्गात आम्ही दुकान मांडलेलं, टेबल, टोपली, किंमतीची लेबलं, एक मुलगी काउंटरवर, आणि माझा तो सतरा वर्षांचा विद्यार्थी तिथे एकदम झकास, सलग सहा वेळा एकही चूक नाही. मी खुश. पुढच्या आठवड्यात खऱ्या दुकानात नेलं. रांग लागली, नंबर आला, वही काउंटरवर ठेवली, आणि काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "पिशवी पाहिजे?" बस. गाडी तिथेच थांबली. वर्गातल्या दुकानात कधी कोणी पिशवी विचारलीच नव्हती. त्याने माझ्याकडे बघितलं, मागे चार माणसं, एकाने घड्याळ बघितलं, आणि काउंटरवाल्याने आता मान वर करून त्याला नाही, मला विचारलं, "याला पिशवी पाहिजे का?" आणि मी, इतकी वर्षं शिकवणारी मी, पटकन म्हणाले "नको", त्याच्या हातातलं पाकीट घेतलं, पैसे दिले, बाहेर. बाहेर आल्यावर त्याने पाकीट परत घेतलं आणि उघडून बघितलं, किती नोटा राहिल्या ते. एक शब्द बोलला नाही. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

त्यात चुका दोन होत्या. पहिली, मी धरून चालले की वर्गात आलं म्हणजे बाहेर येणार. 1977 मध्ये स्टोक्स आणि बेअर या दोन वर्तन-अभ्यासकांनी नेमकं हेच मांडलं होतं की शिकवायचं आणि बाहेर वापरलं जाईल अशी नुसती आशा करायची हा सगळ्यात जास्त चालणारा प्रकार आहे, आणि वापर होण्यासाठी वेगळं नियोजन लागतं. म्हणजे काय, तर वर्गातलं दुकान ठेवा पण त्याच आठवड्यात खऱ्या दुकानात न्या, आणि दुकानंही वेगवेगळी, एक जिथे वस्तू मागून घ्यावी लागते, एक जिथे टोपली घेऊन आपणच उचलायचं, एक जिथे मशीन आहे. लेबल कधी वस्तूवर असतं कधी फळीच्या कडेला, स्क्रीन कधी डावीकडे कधी उजवीकडे, कधी नसतेच आणि माणूस तोंडाने आकडा सांगतो, तेव्हा "लिहून द्या" म्हणायला किंवा तसं कार्ड दाखवायला शिकवायचं. काउंटरवर विचारले जाणारे प्रश्न तर गोळा करा, पिशवी, फोन नंबर, सुट्टे आहेत का, दुसरं काही, आणि वर्गातल्या काउंटरवर बसणाऱ्याला सांगा की दरवेळी यातला एक मध्येच विचार. उत्तर "नको, थँक्यू" एवढं एकच असलं तरी बहुतेक ठिकाणी भागतं. बोलता न येणाऱ्या मुलासाठी पाकिटाला लावलेलं कार्ड, त्यावर हो, नको, आणि "थोडं थांबा" ही तीन चित्रं.

दुसरी चूक माझ्या तोंडाची. मदतीच्या प्रकारांत बोलून सांगणं हे सगळ्यात सोपं वाटतं आणि काढायला सगळ्यात अवघड जातं. "आता काय? आता पैसे दे. हां, आता थांब." दोन महिन्यांनी मुलगा प्रत्येक पायरीला थांबून "आता काय?" ऐकायची वाट बघतो, म्हणजे चौदा पायऱ्यांत आपण स्वतःच पंधरावी घुसवली. म्हणून जिथे बोटाने दाखवून भागतं तिथे बोलू नका, जिथे चित्राच्या पट्टीकडे (पायऱ्यांची चित्रं ओळीने लावलेली पट्टी) बघून भागतं तिथे बोटही नको. उभं राहायचं ते समोर नाही, बाजूला आणि अर्धं पाऊल मागे, म्हणजे त्याला आपला चेहरा दिसत नाही आणि दुकानदारालाही मुलाशीच बोलावं लागतं. दुकानदार आपल्याशी बोलायला लागला तर मी आता सरळ यादी वाचत बसते, जणू ऐकूच आलं नाही.

नवीन पायरी शिकवताना मी थांबण्याची पद्धत वापरते. पहिल्या काही वेळा अजिबात थांबायचं नाही, आकडा दिसला की लगेच आपणच चार नोटा आणि वर एक ठेवून दाखवायच्या, म्हणजे चूक व्हायला जागाच नाही. मग पुढच्या खेपेपासून आकडा दिसल्यावर पाच सेकंद गप्प. केलं तर उत्तम, नाही केलं तर पाच सेकंदांनी दाखवायचं. चूक करायला लागला तर हळूच थांबवून दाखवायचं, रागावायचं नाही, "थांब, कळलं नाही तर माझी वाट बघ" एवढंच. ही पाच सेकंदं काउंटरवर पाच मिनिटं वाटतात, मी मनात आकडे मोजते, नाहीतर माझा हात आपोआप पुढे जातो. रांगेचा ताण असेल तर सुरुवातीला गर्दी नसेल त्या वेळी जा, दुकानदाराशी आधी बोलून ठेवा, आवाज-उजेडाचा त्रास होणाऱ्या मुलांसाठी तर हे हवंच. आणि कंटाळून अर्ध्यात सोडणारा मुलगा असेल तर उलटं शिकवा, तेरा पायऱ्या तुम्ही करा, शेवटची त्याची, वस्तू घेऊन पाकीट बंद करून बाहेर. ती जमली की शेवटच्या दोन. दरवेळी त्याचा शेवट हातात वस्तू घेऊन होतो. शाबासकीचा स्टिकर वगैरे मग लागत नाही, पण त्यासाठी वस्तू त्याला हवी असलेली पाहिजे, शाळेच्या भांडारासाठी खडू आणायला पाठवून कोणाला हौस येणार.

कार्ड आणि मोबाईलवरून पैसे देणं याबद्दल हल्ली सगळे विचारतात, त्यानेच सगळं सोपं होईल ना. पायऱ्या कमी होतात हे खरं, मोजणं नाही सुट्टे नाहीत. पण पैसे दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही ते संपतं हे या मुलांना पटवणं कठीण, आपल्याला तरी कुठे पटतं. मी आधी नोटांनी शिकवते, मग कार्ड, तेही थोडेच पैसे भरलेलं, आणि तीच खोक्यांची पट्टी पाकिटात ठेवायची, कार्ड टेकवलं की तितके खोके रंगवायचे. हाताला वळण लागणं ज्याला फार जड जातं त्याला मात्र थेट कार्डनेच सुरू करा, त्यात कमीपणा नाही. पिनसाठी दोन गोष्टी आणि त्या पाठ होईपर्यंत: दुसरा हात वर झाकण, आणि पिन कोणालाही नाही. "कोणालाही" म्हणजे मित्र, शेजारी, मदत करणारा छान माणूस, सगळे त्यात आले हे नावं घेऊन नाटकातून करून दाखवावं लागतं, कारण फसवणारा माणूस अनोळखी आणि वाईट दिसणारा असतो असं आपणच शिकवून ठेवलेलं असतं. "हे माझे पैसे आहेत, नाही देणार" हे वाक्य मोठ्याने म्हणायची प्रॅक्टिस घ्या. ज्या मुलांना आयुष्यभर "हो म्हण, ऐक" शिकवलंय त्यांना "नाही" म्हणायला खूप वेळ लागतो.

आणि आता वादाचा मुद्दा. त्याचे पैसे म्हणजे त्याचेच, उडवले तरी. त्या माझ्या विद्यार्थ्याने एकदा महिन्याचे सगळे पैसे एका लाईट लागणाऱ्या पेनावर घालवले, तसली चार पेनं घरी होती. आई चिडली, माझ्यावरच. "बाई, तुम्ही तिथे होतात ना? मग घेऊ कसं दिलंत?" मी म्हटलं ताई, मी पैसे पुरतात का एवढंच बघायला शिकवलं, पुरत होते. पुढच्या आठवड्यात त्याला बॅटरी हवी होती आणि पाकीट रिकामं, त्याने पाकीट उलटं करून झटकलं, मी काही बोलले नाही, आईलाही डोळ्यांनी खुणावलं की पैसे काढू नका. बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या हक्कांसाठी लिहिणाऱ्या रॉबर्ट पर्स्क यांनी 1972 मध्ये जोखमीचा सन्मान असा शब्द वापरला होता, की माणसाला सगळ्या धोक्यांपासून वाचवत बसणं हाही त्याचा अपमानच, आणि 2006 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात कलम 12 मध्ये तर स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा समान हक्क सरळ लिहिलाय. अर्थात औषधाचे आणि प्रवासाचे पैसे वेगळ्या पाकिटात, जोखीम घ्यायची ती पेनावर. गरज काय आणि हौस काय याचे तक्ते भिंतीवर लावून मी बघितलेत, त्या एका रिकाम्या पाकिटाने जेवढं काम केलं तेवढं त्या तक्त्यांनी केलं नाही.

घरच्यांना एकच काम सांगा, दर आठवड्याला एक खरी वस्तू त्याने आणायची, त्यासाठी घरात ती दुसऱ्या कोणी आणायची नाही. टूथपेस्ट संपली तर संपली. सुट्टीत दोन महिने काही केलं नाही की पायऱ्या विसरल्या जातात, म्हणून तो खुणांचा कागद महिन्यातून एकदा तरी भरत राहा, जी पायरी ढिली पडलीय तेवढीच परत घ्यायची, पहिल्यापासून सगळं नाही. आणि आपण लांब होत जायचं, आधी अर्धं पाऊल मागे, मग फळीच्या पलीकडे, मग दाराशी, मग बाहेर.

बाहेर उभी राहिले त्या दिवशी मी अकरा मिनिटं घड्याळ बघत होते. माझा तो विद्यार्थी आला, पाकीट बंद, बिल हातात, वही मात्र रेघांची, त्याला चौकटीची हवी होती. त्याने यादीतलं चित्र बघितलं, वही बघितली, "चूक" म्हणाला आणि मी काही बोलायच्या आत परत आत गेला. काचेतून दिसत होतं, काउंटरपाशी रांगेत उभा राहिला, नंबर आल्यावर वही आणि चित्र शेजारी-शेजारी ठेवलं. काउंटरवालीने काहीतरी विचारलं, त्याने मान हलवली, मग ती उठून त्याच्याबरोबर फळीपर्यंत गेली. वस्तू बदलून घेणं आमच्या चौदात नव्हतंच. पुढच्या आठवड्याचा कागद मला नव्याने करायला लागला.